ॲम्प्लीच्या पाठीवरचं नाव

दुकानासमोरून वरात गेली की मी उठते. हातातलं काम अर्धं टाकून, पायात चपला आहेत की नाहीत ते न बघता सरळ गर्दीत शिरते. नाचणारी पोरं बाजूला होतात, कुणीतरी म्हणतं, "मावशीले नाचनं शे, जागा करा रे." मला कुठलं नाचायचंय? मला बँडच्या पिकअपपर्यंत पोचायचं असतं. तिथं जाऊन मी ॲम्प्लीच्या मागच्या बाजूला तळवा लावते, किती गरम आहे ते बघते, मागची जाळी उघडी आहे का बघते आणि मगच परत फिरते. ऑपरेटर वेड्या बाईकडे बघावं तसा माझ्याकडे बघतो. बघू दे. गेली दोन वर्षं माझं हे असंच चाललंय. का चाललंय, तेच आज सांगायला बसले आहे. मधेच उठून गेले तर समजून घ्या, हल्ली मला एका जागी फार वेळ बसवत नाही.

नंदुरबारात स्टेशनच्या अलीकडच्या एका गल्लीत माझं दुकान आहे. रिक्षांचे हूड, सीटकव्हरं, ताडपत्र्या, असलं जाड काम आमच्या गल्लीत चालतं. दुकान माझ्या मालकांचं. ते अचानक गेले तेव्हा गल्लीतल्या लोकांनी तेराव्यालाच विचारलं, शिलाई मशीन विकायचं आहे का. मी म्हटलं, नाही, चालवायचं आहे. त्यावर एकजण हसला. रेक्झिनला बाईचा हात पुरायचा नाही, म्हणाला. रेक्झिन दुमडून चार थर झाले की सुई मोडते, हे खरंच आहे. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी इतक्या सुया मोडल्या की माझं मलाच रडू यायचं. पण रडत रडत शिवलं आणि ते टिकलं. गल्लीत बाई म्हणून बसणारी मी एकटीच, त्यामुळं माझ्या हातची एक शिवण उसवली तरी चार दुकानांत त्याची चर्चा होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम पडणार आहे.

ॲम्प्लीची कव्हरं शिवायचं मी ठरवलं नव्हतं. आमच्याकडं लग्न म्हटलं की बेंजो पार्टी आलीच. बेंजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य. त्याला विजेची जोड दिली की अख्खं गाव ऐकतं. बेंजो, एक कॅसिओ, ढोल, ताशा, गाणारा, आणि हे सगळं एका पिकअपमध्ये. या सगळ्यांचा जीव असतो ॲम्प्लीत, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या डब्यात, ॲम्प्लिफायरमध्ये. तो बंद पडला की दहा माणसं नुसते हात हलवत उभी राहतात. आणि याच ॲम्प्लीला लोक गोणपाटात गुंडाळून न्यायचे. एकदा अशीच एक पार्टी रिक्षाच्या हुडाचं उरलेलं रेक्झिन मागायला आली. उरलेलं कशाला, म्हटलं, माप द्या, नीट शिवून देते. एकाचं बघून दुसरा आला आणि मग शहाद्यापासून धडगावपर्यंतचे लोक येऊ लागले.

या कामात काय असतं ते थोडक्यात सांगते. बाहेरून रेक्झिन, मधे फोम, आत अस्तर. अस्तराला मी जुने फ्लेक्स वापरते. पाणी अजिबात आत येत नाही आणि आमच्या गावात फ्लेक्सला तोटा नाही. त्यामुळं माझं कुठलंही कव्हर उलटं केलं तर आत कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा निघतात, हात जोडलेले साहेब निघतात आणि खाली शुभेच्छुकांची रांग असते. पुढच्या बाजूला बटणांसाठी चेनची खिडकी. आणि मागच्या बाजूला दुसरी खिडकी, जाळीची, वर झडप असलेली. प्रवासात झडप खाली, वाजवताना वर गुंडाळून बांधायची. ही मागची खिडकी म्हणजे कव्हराचा प्राण. ॲम्प्लीच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, फणीच्या दातांसारख्या. आतली सगळी उष्णता तिथून बाहेर पडते. ती कोंडली की आतलं जळतं. मला कुणी शिकवलं नाही, पण इतक्या वर्षांत एवढं कळलं होतं.

स्टँड माझे दीर करतात. भास्करभाऊंचं वेल्डिंगचं शेड दुकानाला लागूनच आहे. बोलणं कमी, कामाला पक्के. अँगलची चौकट, पायांना रिक्षाच्या टायरचे तुकडे. वर फळीऐवजी त्यांनी निवारीच्या पट्ट्या ताणल्या, जुन्या खाटांच्या. डोंगरातल्या रस्त्यावर पिकअप उडते, फळीवरचा ॲम्प्ली आतून खिळखिळा होतो. निवारीवर तो खाटेवरच्या माणसासारखा हलतो पण आपटत नाही. शिवाय खालून हवा लागते. ही युक्ती भाऊंची. मी फक्त निवार विणली.

कोरीटच्या भजनी मंडळाची गंमत सांगते, कारण तिच्यातूनच मी फार शहाणी झाले असं मला वाटू लागलं. त्यांचा ॲम्प्ली ज्यांच्याकडं असायचा, त्यांच्या त्याच खोलीत मिरचीची पोती. आमच्याकडं मिरचीचा हंगाम आला की हवेतच मिरची असते, त्यात ही बंद खोली. एका एकादशीला मंडळ बसलं, ॲम्प्ली चालू केला, आतला पंखा फिरला आणि अंगावर मिरचीचा फवारा. बुवा पहिल्या ओळीलाच ठसकले. टाळकरी खोकायला लागले, बाया डोळ्याला पदर लावून बाहेर पळाल्या. बाहेरून येणाऱ्या एका म्हाताऱ्याला वाटलं, आज भजन फारच रंगलंय, सगळे रडत आहेत. मी त्या कव्हराच्या मागच्या जाळीला आतून मलमल लावून दिली, धूळ अडते, हवा जाते. मंडळानं मला नारळ दिला. तेव्हापासून हवा आणि धूळ यातलं सगळं मला कळतं असा माझा समज झाला.

आता रायसिंगकडं येते. येते म्हणते खरी, पण जरा थांबा. चहा ठेवून येते.

रायसिंग म्हसावदच्या वर, डोंगराच्या पायथ्याच्या गावचा. पावरा आदिवासी. घरी पावरी बोलतो, माझ्याशी अहिराणी. बेंजो वाजवायला लागला की पलीकडच्या गावचे लोक कामं सोडून येतात. त्याची पार्टी, त्याचा ॲम्प्ली, आणि ॲम्प्लीवर बसणारा त्याचा धाकटा भाऊ दित्या. रायसिंग मोठ्या आवाजाचा, चटकन तापणारा, तेवढ्याच चटकन हसणारा. दित्या अगदी उलटा. पंचविशीतला, एका मुलीचा बाप, पण बोलायला लाजायचा. ॲम्प्लीच्या शेजारी बसून तो सारखा त्याच्या मागं हात लावून बघायचा. आज मी जे करते ना, ते त्याचंच मी घेतलेलं आहे.

रायसिंगला नवं कव्हर पाहिजे होतं आणि त्यावर पार्टीचं नाव. नाव मी नेहमी समोर लावते. तो म्हणाला, "मावशी, समोर नको, मांगे लाव. गाडीना मांगून लोके येतस, तेसले दिसाले पाह्यजे." त्याचंही बरोबर होतं. पिकअपमध्ये ॲम्प्लीचं तोंड ऑपरेटरकडं असतं आणि पाठ लोकांकडं. पोरं मोबाइलवर वरातीचे व्हिडिओ काढतात, त्यात सगळ्यांना दिसते ती पाठ. नाव त्या पाठीवर आलं की पार्टीचं नाव गावोगाव जातं.

मी सोनेरी रेक्झिनची अक्षरं कापली. प्रत्येक अक्षर माझ्या वितीएवढं. लाल पाठीवर मांडून बघितली आणि माझी मीच खूश झाले. अडचण एकच होती. मधे खिडकी ठेवली तर नाव मधोमध कापलं जात होतं. वर सरकवावं तर अक्षरं लहान होत होती. दोन दिवस मी ती अक्षरं इकडून तिकडं सरकवली. तिसऱ्या दिवशी खिडकीच काढून टाकली. अख्खी पाठ सलग, आतून फोम, त्याच्या आत फ्लेक्स, आणि वर नाव.

भास्करभाऊ स्टँड घेऊन आले, त्यांनी कव्हर फिरवून बघितलं.

"वहिनी, मांगली खिडकी कोठे शे?"

"तठे नाव शे."

"आनि हवा?"

"खालतून लागस ना. निवार शे."

त्यांनी खालून निवारीला हात लावून बघितला. "लागी का पुरी?" म्हणाले.

"लागी," मी म्हटलं. भाऊ गेले. रायसिंग आला तेव्हा वाजवताना कव्हर काढून ठेवत जा, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. बोलले नाही. बोलले असते तर त्यानं विचारलं असतं, मग नाव कुणाले दिसी? आणि मला ती अक्षरं दिसायला हवी होती. त्याला जेवढी हवी होती त्याहून जास्त मला.

एक हंगाम ते कव्हर छान चाललं. हिवाळ्यातली लग्नं, थंड हवा. लोक माझ्याकडं येऊन म्हणायचे, रायसिंगसारखं पाहिजे. मी आणखी दोन तसलीच शिवली. मग उन्हाळा लागला.

चैत्रातल्या भर दुपारच्या वरातीत, नवरदेव मांडवाच्या तोंडाशी आलेला असताना रायसिंगचा ॲम्प्ली बंद पडला. आधी आवाज फाटला, मग जळाल्याचा वास, मग काहीच नाही. हे मी पाहिलं नाही. चार दिवसांनी रायसिंगनं येऊन सांगितलं. काखेत कव्हर होतं, तोंड काळवंडलेलं.

"दित्यानी आवाज वाढाई दिधा, मावशी. मी सांगेल व्हतं नको वाढाऊ. भर मांडवमा मन्हं नाक कापायनं." तिथल्या तिथं, सगळ्या वऱ्हाडासमोर, माईक हातात असतानाच रायसिंगनं भावाला सुनावलं होतं. तुझ्यामुळं जळालं, तुला अक्कल नाही, माझ्या पार्टीत परत पाय ठेवू नको. माईक दुसऱ्या लहान डब्यावर चालू होता, त्यामुळं सगळ्यांनी ऐकलं.  दित्यानं पार्टीचं लाल जाकीट काढलं, घडी करून पिकअपच्या फाळक्यावर ठेवलं आणि चालायला लागला. बायको आणि मुलीला घेऊन तो गुजरातेत ऊसतोडीला गेला. ऊस संपल्यावर वीटभट्टीवर.

"जाऊ दे," रायसिंग म्हणाला. "नवा ॲम्प्ली लिधा. आते हाई कव्हर धुई दे, नई ते दुसरं शिव."

मी कव्हर उलटं केलं. आतले साहेब हात जोडून उभे होते आणि त्यांच्या तोंडावरून उभ्या तपकिरी रेघा गेल्या होत्या, अगदी सारख्या अंतरावर. फ्लेक्स वितळून फोमला चिकटला होता. ॲम्प्लीच्या पाठीच्या पट्ट्यांचा तो छाप होता, आणि बरोबर त्याच्या मागं बाहेरून माझी सोनेरी अक्षरं.  काय झालं असेल ते एका बघण्यात कळलं मला, शंकेला जागाच नव्हती.

रायसिंग समोर बसून चहा पीत होता, भावाला शिव्या देत होता. मी म्हटलं, "हाई ऱ्हाऊ दे. नवंच शिवस."

एवढंच बोलले मी. का, ते मला विचारू नका, मी सांगतेच. मला गल्लीतला तो हसणारा माणूस दिसला. बाईच्या हातच्या कव्हरानं ॲम्प्ली जाळला, हे शहाद्यापर्यंत जायला एक दिवस लागला नसता. मी घाबरले. दुसरं कारण नाही.

नव्या कव्हराला मी पाठीला मोठी खिडकी ठेवली, नाव दोन ओळींत फोडून वर आणि खाली लावलं. ही नवी फॅशन आहे म्हणून सांगितलं. रायसिंगला ती आवडली. बाकीची दोन कव्हरंही मी काहीतरी निमित्त काढून मागवून घेतली आणि खिडक्या कापून दिल्या. जळकं कव्हर माळ्यावर टाकलं. भास्करभाऊंनी ते बघितलं असणार, कारण त्या दिवसापासून ते माझ्याशी खिडकी या विषयावर कधी बोलले नाहीत. मीही नाही.

आणि तेव्हापासून माझं बूड जागेवर टिकेना. शिवायला बसले की उठायचे, उठले की कशाला उठले ते आठवायचं नाही. एकदा सुई बोटातून आरपार गेली. गिऱ्हाइकांना सांगत सुटले, जुनी कव्हरं आणा, मागं खिडकी कापून देते, काही नको. लोकांना वाटलं, मावशी वयोमानानं दानधर्म करायला लागल्या. रायसिंगची गाडी दोनदा स्टँडच्या कामाला आली. तेव्हा निवारीखाली घडी केलेलं लाल कापड दिसलं. धक्का बसू नये म्हणून काहीतरी घातलं असेल, मी जास्त बघितलं नाही.

या वर्षी होळी झाल्यानंतरची गोष्ट. सकाळी अकराचा सुमार. एक माणूस दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला, हातात चेन तुटलेली बॅग. मी चेहरा वर करून बघितला तर दित्या. वाळला होता, हातांना विटांच्या मातीचा रंग चढला होता. सुरतेकडच्या गाडीनं पहाटेच उतरला होता आणि तेव्हापासून स्टेशनवर बसून होता. त्याच्या बहिणीचं लग्न होतं त्याच दिवशी, गावात. बायको आणि मुलगी दोन दिवस आधीच गेल्या होत्या.

"मंग आठे काय करी ऱ्हायना तू?" मी विचारलं.

"चेन तुटनी," तो म्हणाला.

बॅगेची चेन काय, कुठंही लावून मिळते. मी बॅग घेतली आणि कामाला लागले. तो पायरीवर बसला. लांबून लग्न बघेन आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन, असं हळूच म्हणाला.  आणि मग, मी विचारलेलं नसताना, म्हणाला, "मन्हामुयेच जयनं ते, मावशी. मी रोज याद करस. नवरदेव मांडवमा उना तव्हय मी दोन रेघा वाढाड्या व्हत्यात. दोनच. पन वाढाड्या व्हत्यात."

माझा पाय मशीनच्या पायडलवरच राहिला. आजवर मी समजत होते, त्याच्यावर खोटा आळ आला आणि त्याला तो खोटा आहे हे ठाऊक असेल. निदान रागावून तरी असेल. हा माणूस दोन वर्षं विटा उचलता उचलता आवाजाच्या बटणावरच्या त्या दोन रेघा मोजत होता. त्यानं माझा गुन्हा स्वतःचा म्हणून घेतला होता आणि मी दुकानात बसून खिडक्या कापत होते.

मी उठले. माळ्याकडं हात केला तर भास्करभाऊ शेडमधून येऊन शिडीवर चढलेले. शेडच्या पत्र्यापलीकडून त्यांना सगळं ऐकू जातं. कुठं ठेवलंय ते त्यांना विचारावं लागलं नाही. जळकं कव्हर काढून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मीबी बोलनू नई, वहिनी." परत शेडमध्ये गेले.

मी कव्हर दित्यापुढं उलटं केलं. रेघा दाखवल्या, अक्षरं दाखवली, खिडकी कुठं असायला हवी होती ते बोटानं दाखवलं. सगळं सांगितलं. त्यानं त्या रेघांवरून बोट फिरवलं, एकेक करून.  मला वाटलं, आता हा मला शिव्या देईल, किंवा रडेल. त्यानं कव्हराची गुंडाळी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"माले सांगीसन काय व्हई?" तो म्हणाला. "मन्हा भाऊ लोकेसना समोर बोलना व्हता."

त्यांच्याकडं तसंच असतं. चार माणसांत जे बोललं गेलं ते घरात बसून मिटत नाही. ते चार माणसांतच परत घ्यावं लागतं, नाहीतर ते तसंच राहतं, पोराबाळांपर्यंत.

मी दुकानाचं शटर ओढलं. भर हंगामात, भर दुपारी. एसटीनं शहादा, तिथून म्हसावद, पुढं जीप.  मी कव्हराची गुंडाळी छातीशी धरून होते, आणि मनात वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. खोटं कशाला बोलू, म्हसावदला उतरून परत फिरावं असं एकदा वाटलं होतं. दित्या माझ्या पुढं चालत होता, म्हणून गेले.

मांडव पोरांनी आणि बायांनी भरलेला. आहेर चालू होता. एक मास्तर माईकवर नावं पुकारत होते, अमक्याकडून भांडं, तमक्याकडून साडी. पलीकडं पिकअप, तिच्यात निवारीवर ॲम्प्ली, अंगावर माझं दोन ओळींचं कव्हर. रायसिंग गळ्यात बेंजो घालून थांबला होता. मला बघून एकदम हसला, "ये वं मावशी, बठ." खुर्ची मागवली. दित्या मांडवाच्या बाहेर, आंब्याखाली उभा राहिला. रायसिंगचं त्याच्याकडं लक्ष गेलं नाही.

मी आहेराच्या रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा मास्तरांनी विचारलं, काय आणलंय, काय पुकारू? मी म्हटलं, मीच सांगते. त्यांनी माईक दिला. आयुष्यभर या आवाजाच्या डब्यांना मी कपडे शिवले, पण माईक हातात कधी धरला नव्हता. माझा श्वासच आधी सगळ्या मांडवात ऐकू गेला आणि बायांनी माना वळवल्या.

"मी आहेर लई येल नई," मी म्हटलं. "एक गोट सांगाले येल शे. दोन वरीस पहिले रायसिंगना ॲम्प्ली जयना. ते दित्यामुये नई जयनं. मन्हामुये जयनं. मन्हा कव्हरनी मांगली खिडकी मी शिवी टाकेल व्हती, नाव दिसाले पाह्यजे म्हणीसन. माले त्याच दिन समजेल व्हतं. मी बोलनी नई. मी घाबरनी." आणखी बोलायचं होतं, पण जुळवलेलं सगळं संपलं होतं. मी माईक मास्तरांकडं दिला आणि कव्हर उलटं करून दोन्ही हातांनी वर धरलं. वाढदिवसाचे साहेब आणि त्यांच्या तोंडावरच्या रेघा सगळ्या गावानं बघितल्या.

एक पोरगं हसलं, त्याला कुणीतरी गप्प केलं. रायसिंग गळ्यातला बेंजो काढून पुढं आला. त्यानं कव्हर माझ्या हातातून घेतलं आणि रेघा बघितल्या. मग पिकअपकडं बघितलं, परत रेघांकडं. तो चटकन तापणारा माणूस, आता भडकेल म्हणून मी उभी राहिले. भडकला असता तर बरं झालं असतं.

"दोन होळ्या, मावशी," एवढंच तो म्हणाला, हळू आवाजात. "तेनी पोर दोन होळ्या गावमा नई व्हती."

मग त्यानं कव्हराची गुंडाळी काखेत मारली, मास्तरांकडून माईक घेतला आणि पावरीत बोलला. मला अर्धंच समजलं. भावाचं नाव समजलं, आणि मी खोटं बोललो होतो हे समजलं. बोलता बोलता लोक आंब्याकडं बघायला लागले, तेव्हा त्यालाही दित्या दिसला. तो बोलायचा थांबला. माईक मास्तरांच्या हातात देऊन सरळ पिकअपकडं गेला, निवारीखाली हात घातला आणि ते लाल कापड ओढून काढलं. जाकीट होतं ते. दोन वर्षं त्यानं ते ॲम्प्लीच्या खाली घडी करून ठेवलं होतं. त्यावरून किती रस्ते गेले असतील. त्यानं ते झटकलं आणि आंब्याकडं चालत गेला. तिथं दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, मी खुर्चीवर येऊन बसले आणि मुद्दाम दुसरीकडं बघितलं.

रायसिंग परत आला तेव्हा जाकीट दित्याच्या अंगावर होतं, एक बटण तुटलेलं. दित्या ॲम्प्लीपाशी बसला. आणि रायसिंगनं ॲम्प्लीवरचं कव्हर, माझं खिडकीवालं, मोठ्या खिडकीचं चांगलं कव्हर, वर ओढून काढलं. त्याची नीट गुंडाळी केली, जळक्या गुंडाळीवर ठेवली आणि दोन्ही माझ्या मांडीवर आणून ठेवली. रागानं आपटली नाहीत. "जेवीसन जाय, मावशी," म्हणाला, आणि बेंजो गळ्यात घातला.

मी जेवले. नाही म्हणायला तोंड नव्हतं. लग्न लागलं, पार्टी वाजू लागली, नाचणाऱ्यांच्या पायांनी धूळ उठली आणि सगळी त्या उघड्या ॲम्प्लीवर बसायला लागली. बटणांवर, पाठीच्या पट्ट्यांवर, सगळीकडं. उठून पदरानं तरी पुसावं म्हणून माझे हात शिवशिवत होते. मी ते दोन कव्हरांखाली दाबून धरले आणि खुर्चीवर बसून राहिले. दित्यानं मागं हात नेला, पट्ट्यांवर तळवा ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला. मग आवाजाच्या बटणाला हात घातला आणि दोन रेघा वाढवल्या.

आमच्या गल्लीत आता सगळ्यांना माहीत आहे. तो हसणारा माणूस हसला, त्यानं काही झालं नाही. काही गिऱ्हाइकं गेली, काही राहिली. रायसिंगची पार्टी या हंगामात दोनदा नंदुरबारात वाजली. मी दोन्ही वेळा गर्दीत शिरून पिकअपपर्यंत गेले. ॲम्प्ली उघडाच होता, आणि त्याच्या पाठीवर दित्याचा हात होता. मला बघून दित्यानं मान हलवली. नवं कव्हर शिव, असं रायसिंग अजून म्हणालेला नाही. लाल रेक्झिन कापून ठेवलंय.